हरणीचं निळं पेट्रोल

वीस टक्के इथेनॉलचं ‘ई-20’ पेट्रोल आल्यावर अ‍ॅव्हरेजच्या नावानं सगळ्यात मोठा गळा काढला तो महिन्यातून एकदा गाडी गॅरेजबाहेर काढणाऱ्यांनी. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. बडोद्यातल्या जुन्या गाड्यांच्या कट्ट्यावर मात्र तो खटला अजून चालूच आहे. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर ‘21 गन सॅल्यूट’चं विंटेज संमेलन भरलं. तेव्हापासून इथे वडिलांची डुक्कर फियाट घरात असलेला प्रत्येक जण स्वतःला संग्राहक समजतो. मीही त्यातलाच, तेव्हा हा लेख निःपक्षपाती आहे असं कृपया समजू नये.

आधी अ‍ॅव्हरेजचं बघू. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. टाकीत वीस टक्के इथेनॉल असेल तर फटका सहा-सात टक्क्यांचा. जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातही हाच आकडा होता. आता 1966 साली आलेली लॅम्बोर्गिनी मिउरा घ्या. बारा सिलिंडर, चार वेबर कार्बोरेटर, प्रत्येकाला तीन घसे. ही बया लिटरला चार-पाच किलोमीटर जायची. सात टक्के गेले म्हणजे लिटरमागे जेमतेम साडेतीनशे मीटर गेले. एवढ्यासाठी कोर्टात जायचं? शिवाय मिउराच्या कार्बोरेटरची जात शर्यतीच्या गाड्यांची. सिग्नलला उभी राहिली की पेट्रोल गळून साचायचं आणि कधी कधी पेट घ्यायचं. तिच्या मालकांची काळजी वेगळी होती.

गंमत अशी की ज्या वेबरच्या नावानं इटालियन गाड्या पेट्रोल पितात, त्या एदोआर्दो वेबरचा धंदा सुरू झाला तो काटकसरीतून. पहिल्या महायुद्धानंतर पेट्रोल महागलं, तेव्हा हा गृहस्थ ट्रक रॉकेलवर चालवायचं साहित्य विकत होता. 1923 साली त्यानं बोलोन्यात कारखाना काढला, तोही फियाटवर बसवायच्या जोडसाहित्यातल्या कार्बोरेटरसाठी. पुढे फेरारीच्या बोनेटखाली तेच नाव रांगेत मिरवू लागलं.

खरी गोची जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या इंधन सोडणाऱ्या भोकात आहे. वेबरच्या मेन जेटवर 115 कोरलेलं असेल तर भोक 1.15 मिलिमीटरचं. नव्या गाडीचा संगणक सेन्सरकडून विचारून घेतो आणि इंधन वाढवतो. पितळेच्या भोकाला कोण सांगणार? एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साडेचौदा किलोच्या वर हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊच. म्हणजे ‘ई-20’वर तेच जेट उपाशी पडतं. मिश्रण आठेक टक्क्यांनी पातळ होतं, गाडी खोकते, तापते. उपाय सोपा आहे: 115च्या जागी 120 बसवा आणि प्लग काढून बघा. टोक भाजलेल्या विटेच्या रंगाचं असेल तर जमलं. पांढरं पडलं असेल तर अजून उपाशीच आहे.

पण कट्ट्यावर जेटची चर्चा होत नाही. तिथे सगळ्यांचे डोळे हरणीकडे.

हरणीच्या विमानतळावर गुजरात फ्लाइंग क्लब आहे. शिकाऊ वैमानिकांच्या पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना सहसा लागतं ते ‘अ‍ॅव्हगॅस 100 एलएल’: शंभर ऑक्टेन, निळा रंग आणि चक्क शिसं, लिटरला 0.56 ग्रॅमपर्यंत. मोटारींचं शिसंवालं पेट्रोल देशातून 2000 सालीच गेलं, ते आकाशात मात्र उरलं. त्यातून हे इंधन आपल्या दारातच बनतं. सोव्हिएत मदतीनं उभी राहून 1965 मध्ये सुरू झालेल्या कोयलीच्या रिफायनरीत इंडियन ऑइल ते तयार करते आणि सप्टेंबर 2022 मध्ये त्याचा बाजारात प्रवेश झाला. जन्मतः शिसं प्यायलेल्या इटालियन इंजिनाचं आईचं दूध पलीकडच्या कुंपणाआड आहे, आणि आपण भीडभंजन मारुतीला नमस्कार करून उसाचा रस भरतोय, ही कट्ट्याची व्यथा.

व्यथा पोकळ आहे. शिसं दोन कामं करायचं: ऑक्टेन वाढवायचं आणि बिडाच्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजू द्यायचं नाही. फेरारी, आल्फा यांची हेडं अ‍ॅल्युमिनियमची, त्यात कडक धातूच्या बैठका वेगळ्या बसवलेल्या. शिशावाचून अडायचं ते बिडाचं हेड असलेल्या अ‍ॅम्बॅसडरचं. तिच्यासाठी कुणी रडताना मी पाहिलेलं नाही. राहिलं ऑक्टेन. नऊ-दहा पट दाब देणाऱ्या इंजिनाला ते हवंच, आणि सरकारच्या म्हणण्यानुसार ‘ई-20’ 95पर्यंत जातं. दिल्लीत डिसेंबर 2020 मध्ये लिटरला 160 रुपये दरानं आलेलं शंभर ऑक्टेनचं ‘एक्सपी-100’ पेट्रोल ज्याच्याकडे खरंच फेरारी आहे त्यानं भरावं. आमच्या डुक्कर फियाटला ते पाजणं म्हणजे म्हाताऱ्याला च्यवनप्राशाची अख्खी बरणी भरवणं. तिचा दाबच मुळात कमी. खरं तर तीही इटालियन. तिची ‘तुरिस्मो वेलोचे’ बहीण ‘मिल्ले मिलिया’ शर्यतीत धावलेली. आमची मात्र बडोद्याच्या मांडवीच्या गर्दीतच पहिल्या गिअरमध्ये जन्म काढून बसली.

मग ‘ई-20’वर राग धरायचाच नाही? धरायचा, पण अ‍ॅव्हरेजवरून नाही. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ क्रमांक घेतला की ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरायलाच रस्त्यावर आणता येते. थोडक्यात, ती बाकीचा काळ उभीच. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा? आमच्या मिस्त्रींनी गाडीच्या पेट्रोल पंपाचा पडदा काढून माझ्या तळहातावर ठेवला, तर कडा फुगून पापडासारख्या वळलेल्या. फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरी भुकटी. “काका, ही चालवून नाही बिघडली, ठेवून बिघडली.”

जुन्या गाड्यांसाठी शहरात एखादा पंप बिनइथेनॉलचा ठेवायला काय हरकत होती, हा प्रश्न मला अजून रास्त वाटतो. तोवर पावसाळ्याआधी टाकी रिकामी करतो. यंदा काढलेल्या पेट्रोलपैकी नव्वद मिलीलिटर मुलीच्या मोजपात्रात घेतलं, दहा मिलीलिटर पाणी घातलं, हलवून ओट्यावर ठेवलं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं, हे तिच्या पुस्तकातच आहे. पाच मिनिटांनी तळचा थर दहाच्या रेघेवरून सत्ताविसाच्या आसपास चढला होता. वरून हरणीचं एक छोटं विमान गेलं. मुलीनं विचारलं, “बाबा, मग यात पेट्रोल कुठंय?”