रहस्यखेळाचे मुखचित्र : उत्तर नव्हे, प्रश्न दाखवा

गुप्तहेर किंवा तपासकथेवर आधारित छोटा व्हिडिओ गेम ऑनलाइन दुकानात ठेवताना त्याचे मुखचित्र कसे आखावे, हे या टिपणात आपण पाहणार आहोत. मुखचित्र म्हणजे दुकानाच्या यादीत खेळाच्या नावासह दिसणारा चौकोन. उदाहरणासाठी आपण ‘स्टीम’ हे दुकान घेऊ, कारण संगणकावरचे बहुतेक स्वतंत्र खेळ तिथे विकले जातात आणि त्याचे नियम सर्वांना वाचता येतात. तिथे या चित्रांना ‘कॅप्सूल’ म्हणतात.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत मला एक गोष्ट वारंवार दिसते. चौघांचा गट वर्षभर खपून खेळ तयार करतो आणि मुखचित्र मात्र सादरीकरणाच्या आदल्या रात्री होते. पूर्ण पडद्यावर ते छान दिसते. मोबाइलवर यादीच्या आकारात पाहिले की काळ्या पार्श्वभूमीवर एक काळपट डाग तेवढा उरतो. ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी हा चौकोन हीच जाहिरात असते. त्यावर कोणी क्लिक केलेच नाही, तर आतल्या कामाचे मोल करायला कोणी पोहोचतच नाही.

१. चित्र एक नसते, संच असतो

स्टीमला एकाच मुखचित्राची वेगवेगळ्या प्रमाणांतली रूपे द्यावी लागतात. मुख्य रूपे अशी :

- हेडर कॅप्सूल, ९२० × ४३० पिक्सेल : खेळाच्या पानावर आणि शिफारशींच्या याद्यांत.
- छोटी कॅप्सूल, ४६२ × १७४ पिक्सेल : शोधाच्या निकालांत आणि इतर याद्यांत.
- मुख्य कॅप्सूल, १२३२ × ७०६ पिक्सेल : दुकानाच्या पहिल्या पानावर.
- उभी कॅप्सूल, ७४८ × ८९६ पिक्सेल : सेलच्या पानांवर.
- लायब्ररी कॅप्सूल, ६०० × ९०० पिक्सेल : खरेदी करणाऱ्याच्या स्वतःच्या संग्रहात.

छोट्या कॅप्सूलपासून स्टीम आणखी लहान प्रती आपोआप बनवते. त्यांतली सर्वांत लहान १२० × ४५ पिक्सेलची असते. मुख्य कॅप्सूलचे क्षेत्रफळ या प्रतीच्या सुमारे १६० पट आहे. शिवाय छोटी कॅप्सूल आडवी पट्टी आहे, तर लायब्ररीची कॅप्सूल उभी आहे. म्हणजे एकच चित्र कापून सगळीकडे बसवता येत नाही. पार्श्वभूमी, मुख्य वस्तू आणि नाव हे तीन भाग सुरुवातीपासून वेगळ्या लेयरवर ठेवा आणि प्रत्येक आकारासाठी त्यांची मांडणी नव्याने करा. सर्वांत लहान आकारात चित्राचा मोह सोडा. तिथे नाव आणि फार तर एक वस्तू, एवढेच पुरे.

२. चित्रावर काय लिहू नये

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमचा नियम असा आहे की कॅप्सूलवर खेळाचे चित्र, खेळाचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच असावे. परीक्षणातले गुण, पुरस्कारांची नावे, सवलतीचा मजकूर किंवा दुसऱ्या उत्पादनाची जाहिरात चालत नाही. मोठ्या अद्यतनाची माहिती देण्यासाठी ठरावीक मुदतीचे वेगळे चित्र लावता येते, पण मूळ चित्र मजकुराविना बोलके असायला हवे.

नवख्याला हा नियम फायद्याचा आहे. मोठी कंपनीसुद्धा आपली पदके चौकोनात मिरवू शकत नाही. निदान त्या चौकोनात तरी सगळे चित्राच्याच बळावर उभे असतात.

३. खूण आणि प्रश्न

आता मुख्य मुद्दा. चांगले मुखचित्र दोन गोष्टी सांगते. ‘हा कोणत्या जातीचा खेळ आहे?’ हे पहिली गोष्ट सांगते. तिला आपण खूण म्हणू. ‘याच जातीच्या इतर खेळांपेक्षा हा वेगळा कसा?’ हे दुसरी गोष्ट सांगते. रहस्यखेळात हे वेगळेपण बहुधा एका प्रश्नात असते.

भिंग, टोपी, लांब कोट, पाऊस, दिव्याखालची सावली या सगळ्या खुणा आहेत. त्यांच्यामुळे तपासकथा आवडणारा माणूस थबकतो, म्हणून त्या निरुपयोगी नाहीत. पण यादीतल्या दहा खेळांवर तीच टोपी असेल, तर अकराव्या टोपीने काही कळत नाही. खूण एकच ठेवा. उरलेली जागा प्रश्नाला द्या.

लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा दिन’ (२०१८) हा खेळ पाहा. १८०७ साली ईस्ट इंडिया कंपनीचे एक बेपत्ता जहाज परत येते, पण त्यावर जिवंत माणूस नसतो. विम्याचा निरीक्षक म्हणून तुम्हाला जहाजावरच्या ६० जणांचे काय झाले, ते शोधायचे असते. इथे टोपीवाल्या गुप्तहेराची गरज नाही. माणसांवाचून परत आलेले जहाज हाच प्रश्न आहे. शिवाय संपूर्ण खेळ जुन्या मॅकिंटॉश संगणकांची आठवण करून देणाऱ्या दोन रंगांच्या शैलीत आहे आणि मुखचित्रानेही तीच शैली ठेवली आहे. त्यामुळे रंगीत चौकोनांच्या गर्दीत ते वेगळे उठून दिसते.

आता आपले स्वतःचे उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या खेळात रात्रीच्या स्लीपर डब्यातून एक प्रवासी नाहीसा झाला आहे आणि सकाळी शेवटचे स्टेशन येण्याआधी तुम्हाला त्याचा शोध लावायचा आहे. खेळाचे नाव ‘बर्थ ४१’. पहिला विचार असा येतो : धावती गाडी, चंद्र, टोपीवाला तपासनीस आणि पाच संशयितांचे चेहरे. १२० पिक्सेलच्या रुंदीत यातले काहीच ओळखू येणार नाही.

दुसरा विचार करा. खालचा बर्थ, विस्कटलेली चादर, खाली नीट जोडून ठेवलेल्या चपला, आणि माणूस नाही. चपला सोडून माणूस गेला कुठे? हा प्रश्न एका नजरेत उभा राहतो. देशातल्या कोणत्याही विद्यार्थ्याने असा डबा पाहिलेला असतो, त्यामुळे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र प्रश्न दाखवताना उत्तर सांडू नका. चित्रात एका संशयिताच्या चेहऱ्यावर खास प्रकाश टाकला, तर खेळ सुरू होण्याआधीच बोट दाखवल्यासारखे होते.

४. नाव वाचता येते का?

रहस्यखेळांच्या चित्रांत काळ्यावर गडद लाल अक्षरांचा फार सोस असतो. त्याची वाचनीयता डोळ्यांनी ठरवण्याऐवजी मोजता येते. वेबपानांच्या सुलभतेसाठी ठरलेले सूत्र इथे उसने घेऊ :

कॉन्ट्रास्ट = (उजळ रंगाची दीप्ती + ०.०५) ÷ (गडद रंगाची दीप्ती + ०.०५)

लाल, हिरवा आणि निळा यांची ० ते १ मधली रेषीय मूल्ये घेऊन त्यांना अनुक्रमे ०.२१२६, ०.७१५२ आणि ०.०७२२ ने गुणायचे आणि बेरीज करायची, की दीप्ती मिळते. गडद लाल (१३९, ०, ०) घेतला, तर दीप्ती सुमारे ०.०५५ येते. काळ्याची दीप्ती ० आहे. म्हणून कॉन्ट्रास्ट ०.१०५ ÷ ०.०५, म्हणजे जेमतेम २.१. मोठ्या अक्षरांसाठीसुद्धा किमान ३ आणि साध्या मजकुरासाठी ४.५ हवा. त्याऐवजी जुन्या कागदाचा पिवळसर रंग (२४५, २३०, १९०) काळ्यावर वापरला, तर कॉन्ट्रास्ट १६ च्या पुढे जातो. लाल रंग हवाच असेल, तर तो एखाद्या वस्तूला द्या, अक्षरांना नको.

भारतीय लिप्यांत आणखी एक अडचण आहे. ‘बर्थ’ या शब्दात थ वर रफार आहे. वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार खाली उतरतो. त्यामुळे तेवढ्याच उंचीत देवनागरी अक्षराचे मुख्य अंग रोमन अक्षरापेक्षा लहान होते. उपाय साधे आहेत : नाव दोन शब्दांचे ठेवा, जाड अक्षर निवडा, अक्षरांना धूर, ओरखडे, रक्ताचे थेंब चिकटवू नका.

५. चित्राने दिलेला शब्द

मुखचित्र हे एक आश्वासन असते. ‘बर्थ ४१’ मध्ये खेळाडू कागदपत्रे वाचतो, प्रवाशांशी बोलतो, वेळापत्रक जुळवतो. चित्रात मात्र पिस्तूल आणि पाठलाग दाखवला, तर क्लिक मिळतील, पण येणारा माणूस चुकीचा असेल. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. तो परतही जाईल आणि जाताना नाराजीचे चार शब्दही लिहील. ज्याला वेळापत्रक जुळवण्यातच मजा वाटली असती, तो पिस्तूल पाहून आधीच पुढे गेलेला असेल.

६. सारांश

मुखचित्र शेवटच्या रात्रीचे काम नाही. खेळाचा प्रश्न एका वाक्यात मांडा, तो दाखवणारी एकच वस्तू शोधा, नाव मोजून वाचनीय करा, आणि चित्र खेळाशी प्रामाणिक ठेवा. खेळाचा प्रश्न एका वाक्यात सांगता येत नसेल, तर अडचण चित्रात नसून खेळातच आहे, आणि ती लवकर कळलेली बरी.

स्वाध्याय

१. तुमच्या खेळाचा प्रश्न पंधरा शब्दांत लिहा आणि तो दाखवणाऱ्या तीन वस्तूंची पेन्सिलने रेखाटने करा.

२. तिन्ही रेखाटने १२० × ४५ पिक्सेलवर आणा. खेळ माहीत नसलेल्या पाच जणांना प्रत्येक चित्र एक सेकंद दाखवा आणि ‘काय दिसले? काय घडले असेल?’ एवढेच विचारा. स्वतः काही समजावू नका.

३. दुकानातील त्याच प्रकारच्या वीस खेळांच्या कॅप्सूल एका पानावर मांडून मधोमध आपली ठेवा. पान कृष्णधवल करा. तुमची कॅप्सूल अजूनही चटकन सापडते का?

४. नाव आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट वरील सूत्राने काढा. तो ४.५ पेक्षा कमी असेल, तर रंग बदलून पुन्हा मोजा.