‘हृदय बंद पडले’ हे मृत्यूचे कारण नव्हे

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत माणूस गेला की घरच्यांना दाखला लागतो: सातबाऱ्यावर वारस लावायला, बँकेला, विम्याला. त्यामुळे ग्रामपंचायतीतून मिळतो तो मृत्यूचा दाखला आणि डॉक्टर लिहितो ते मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र एकच, असा समज पक्का बसला आहे. हे दोन वेगळे कागद आहेत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 17 नुसार नोंदवहीचा जो उतारा घरच्यांना मिळतो, त्यात मृत्यूचे कारण दाखवताच येत नाही. कोविडमध्ये ‘दाखल्यावर कोरोना का नाही?’ म्हणून किती घरांत वाद झाले! कारण असते ते डॉक्टर भरतो त्या नमुना 4 मध्ये. घरी मृत्यू झाला असेल तर नमुना 4 अ.

दुसरा गैरसमज डॉक्टरांचा, आणि तो जास्त नडतो. कारणाच्या रकान्यात ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिले की काम झाले! पण हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो. नमुना विचारतो की हे सारे सुरू कशाने झाले. समजा, बारा वर्षे रक्तदाब असलेली बाई मेंदूत रक्तस्राव होऊन सहा तासांत गेली. भाग 1 मध्ये ‘अ’ ला मेंदूतील रक्तस्राव, सहा तास. त्याखाली ‘ब’ ला उच्च रक्तदाब, बारा वर्षे. सोबत मधुमेह होता आणि त्याने प्रकृती ढासळायला हातभार लावला, तर तो भाग 2 मध्ये. इथे साखळीचे मूळ म्हणजे रक्तदाब. ‘वृद्धापकाळ’ एवढेच लिहिले, तर त्यातून कोणता आजार वाढतो आहे ते जिल्ह्याला कळणार कसे?

विषबाधा, सर्पदंश, विहिरीत पडणे अशा मृत्यूंत मात्र घाईने कारण लिहून मोकळे होता येत नाही. तिथे पोलिसांना कळवावे लागते, शवविच्छेदन होते.

‘सही हवी तर पैसे द्या’ हेही चालत नाही. प्रमाणपत्र विनाशुल्क द्यायचे असते. 2023 च्या दुरुस्तीने सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर ते निबंधकाला देण्याचे आणि जवळच्या नातेवाइकाला प्रत देण्याचे बंधन आले. ही दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे. त्याआधी, 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्के मृत्यूंनाच वैद्यकीय कारणाचे प्रमाणपत्र होते. खेड्यात घरी वारलेल्या माणसाला शेवटच्या आजारात अनेकदा डॉक्टरच भेटलेला नसतो, हे त्यातले मोठे कारण.

एमबीबीएसला हा विषय न्यायवैद्यकशास्त्रात आणि जनऔषधवैद्यकशास्त्रात येतो. तरी रात्रपाळीतल्या नव्या डॉक्टरच्या हातात कोरा नमुना पडतो तेव्हा तो शेजारच्याचे पाहून लिहितो. माझ्या मते, तासभराच्या भाषणापेक्षा त्याच रुग्णालयातले जुने केसपेपर, नावे झाकून, डॉक्टरांपुढे ठेवावेत आणि प्रत्येकाने आपापला नमुना भरून मग एकमेकांचे तपासावेत.