काचेतला डोह

वर्धेत मासे पाळायचे म्हटले की लोक आधी आपल्या तोंडाकडे पाहतात आणि मग आभाळाकडे. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि माणसे भरदुपारी कूलरसमोरून हलत नाहीत, तिथे काचेच्या टाकीतल्या जिवांचे काय होणार? शंका रास्त आहे. आमच्या बैठकीत टाकी असल्याने होळी सरली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मी तेव्हा विचारणाऱ्याला झेब्रा डॅनिओ नावाचा एक इटुकला, निळ्या पट्ट्यांचा मासा दाखवतो.

नाव विलायती, पण मासा आपल्याच देशातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली. ‘डॅनिओ’ हे नाव बंगालीतल्या ‘धानी’वरून, म्हणजे भातखाचरातला यावरून, आले असे मानतात. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला मान आहे. त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो भरून येतो, हे २००२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर संशोधन होते. दुकानात मात्र तो स्वस्तातला मासा. ‘द्या दोन’ म्हणून पिशवीत घालून नेण्याचा.

हे दोनच नेणे त्याच्या मुळावर येते. डॅनिओ कळपाने राहणारा. दोघांत एक दांडगाई करतो आणि दुसरा कोपऱ्यात दबून झुरतो. सहा-आठ असले की ती दांडगाई सर्वांत वाटली जाते आणि तिची नुसती पळापळ होते. ही पळापळ वरच्या पाण्यात चालते, म्हणून टाकी उंचीपेक्षा लांबीला जास्त हवी. शेजारीही जपून निवडावेत. फायटर किंवा एंजल यांच्या लांब, संथ परांना डॅनिओ तोंड लावतो आणि त्यांच्या वाटचे खाणेही पळवतो. रासबोरा, चेरी बार्ब, तळाशी वावरणारे लहान लोच यांच्याशी त्याचे बरे जमते.

आता उन्हाळा. रानातला डॅनिओ ३८ अंश तापलेल्या पाण्यातही आढळलेला आहे. मग टाकीत मासे का मरतात? बहुधा नुसत्या तापाने नव्हे, तर श्वास कोंडल्याने. २० अंशांवर एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसातपर्यंत उतरतो. इकडे पुरवठा घटतो आणि तिकडे उष्णतेने माशाची गरज वाढते. त्यात टाकी गच्च भरलेली, तळाशी उरलेले खाणे कुजते आहे आणि रात्री वीज गेली, की पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून दिसतात.

अशा वेळी आपल्या नद्या काय करतात ते पाहावे. उन्हाळ्यात धार तुटली की मासे डोहात गोळा होतात. डोह त्यांना खोली देतो, काठच्या झाडांची सावली देतो. ज्या डोहात पाण्याच्या मानाने मासे फार, तिथे मात्र पाऊस येईपर्यंत निभत नाही. वर्धेतली टाकी हा काचेतला डोहच समजावा. ती खिडकीपासून दूर, घरातल्या गार भिंतीशी ठेवावी. काचेच्या झाकणाऐवजी मच्छरदाणीचे कापड ताणून बांधावे, कारण डॅनिओ उड्या मारण्यात पटाईत. जाळीने तो आत राहतो आणि वाफ बाहेर जाते. पाण्यावर लहान पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. माठात पाणी गार होते ते याच न्यायाने. वीज गेली तर मगने पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीतच ओतावे. दुपारचे खाणे बंद करावे. आटलेल्या पाण्यावर नुसती भर घालू नये, कारण वाफ उडते पण क्षार मागे राहतात आणि आपले बोअरचे पाणी आधीच जड असते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे असेल तर क्लोरिन घालवून. आणि नवे मासे आणायचेच असतील, तर पोळा होऊ द्यावा.

शेवटी एक कळकळीचे सांगणे. बदली झाली किंवा हौस फिटली, की पुण्य म्हणून मासे नदीत, विहिरीत सोडणारी भली माणसे आहेत. ते पुण्य नव्हे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सोडलेला दक्षिण अमेरिकेतला गप्पी आता देशभरच्या पाण्यांत ठाण मांडून बसला आहे. डॅनिओ देशी असला तरी दुकानातून आलेला रोग तो नदीत नेऊ शकतो आणि आपल्या डोहांत आधीच उन्हाळ्यापुरते पाणी मोजकेच असते. सांभाळणे जमत नसेल तर मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, किंवा दुकानदाराला परत करावेत. आणताना सहा आणावेत, पण त्या सहांचा उन्हाळा आपण काढू का, हे आधी ठरवावे.