नाकाभोवती जमलेले शब्द

इंग्रजीत ‘स्नोअर’ म्हणजे घोरणे, ‘स्निफ’ म्हणजे हुंगणे, ‘स्नॉर्ट’ म्हणजे नाकाने फुरफुरणे, ‘स्नाउट’ म्हणजे जनावराचे पुढे आलेले नाकाड आणि ‘स्निअर’ म्हणजे नाक मुरडून तुच्छता दाखवणे. एस आणि एन या अक्षरांनी सुरू होणारे हे सारे शब्द नाकापाशीच घुटमळतात. यांतील ‘स्न’ हा उपसर्ग नव्हे, कारण तो वेगळा काढला तर उरलेला तुकडा त्या अर्थाने एकटा वापरता येत नाही. असे असूनही अर्थाची छटा वाहणाऱ्या अशा ध्वनिसमूहाला, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेले भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये ‘फोनेस्थीम’ हे नाव दिले. तत्पूर्वी १६५३ मध्येच गणिती जॉन वॉलिस यांनी आपल्या इंग्रजी व्याकरणात असे शब्दगट नोंदवले होते.

शब्दाचा ध्वनी आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक, म्हणजे केवळ रूढीने ठरलेले असते, हा भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांचा सिद्धान्त यामुळे मोडत नाही. ‘स्न’ या ध्वनीत मुळात नाक दडलेले नाही, ते शेजारच्या शब्दांच्या सहवासाने तिथे येऊन बसले आहे. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे शिंक. शिंकण्याला जुन्या इंग्रजीत ‘फ्न’ने सुरू होणारे क्रियापद होते, पुढे ‘फ्न’ हा जोड भाषेतूनच लोपला, हस्तलिखितांतला लांब एस एफसारखा दिसत असल्याने वाचनातही गफलत होत गेली, आणि घोरण्या-हुंगण्याच्या शब्दांचा ओढा असल्यामुळे ते क्रियापद ‘स्नीझ’ होऊन त्याच कुटुंबात सामावले.

‘ग्लिटर’, ‘ग्लीम’, ‘ग्लो’, ‘ग्लिमर’ या शब्दांत जी आणि एल यांना असाच उजेड चिकटला आहे. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण झळकणे, झळाळी, झगमगाट, झगझगीत या शब्दांतला ‘झ’ मराठी कानाला तसाच लखलखीत वाटतो, जरी ‘झाड’ आणि ‘झोप’ यांत तो मुळीच चमकत नाही. ‘ग्लव्ह’ म्हणजे हातमोजा आणि ‘ग्लू’ म्हणजे डिंक, हेही तसेच अंधारात राहिलेले शब्द होत. २००४ मध्ये बेंजामिन बर्गन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘ग्लिटर’पाठोपाठ ‘ग्लो’ दाखवला असता वाचकांनी तो अधिक झटकन ओळखला. नुसती अक्षरे सारखी किंवा नुसता अर्थ जवळचा असलेल्या जोड्यांना तेवढा वेग लाभला नाही.