बर्फातला घाट, चाकांच्या साखळ्या आणि न दिसणारा वायू

नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन थेट मनाली गाठणाऱ्या कुटुंबांचे आता कोणाला नवल वाटत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलपर्यंत जाता येते. भर पावसात ताम्हिणी किंवा आंबोलीचा घाट उतरलेल्या चालकाला हा रस्ताही जमेल असे वाटते. पण बर्फावर चालकाचा अनुभव कामी येण्याआधीच टायरची पकड सुटते.

थंडीत कडक होणारे रबर

आपल्याकडचे टायर उष्ण हवेसाठी बनवलेले असतात. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यांचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्याला धरून राहत नाही. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असलेला टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. असे टायर चारही चाकांना हवेत. दोनच बसवले तर पुढची व मागची पकड वेगळी पडून गाडी फिरते.

दहा दिवसांच्या सहलीसाठी टायर बदलणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणून आपल्याकडे चाकांच्या साखळ्यांवर भिस्त असते. साखळी टायरच्या बाजूवर छापलेल्या मापाचीच घ्यावी. गाडीला साखळी चालते का, हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहावे. इंजिनचा जोर ज्या चाकांवर येतो, त्यांना ती बसवायची. बहुतेक छोट्या गाड्यांत ही पुढची चाके असतात. शंभरेक मीटर चालवून पुन्हा आवळावी, वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या आत ठेवावा आणि मोकळे डांबर लागताच साखळी काढावी. पुढे साखळी असली तरी उतारावर गाडीची मागची बाजू घसरू शकते. त्यामुळे ब्रेकवर पाय दाबून न धरता खालच्या गिअरमध्ये उतरावे.

साखळी बसवण्याचा सराव घरी, सोसायटीच्या आवारातच करावा. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवर, थंडीत, वाकून ओझे ओढण्याचा ताण हृदयावर पडतो. हृदयविकार असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. थंडगार लोखंड उघड्या हाताने धरू नये. टायरमधली हवाही पाहावी लागते. तापमान ५-६ अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआयने घटतो. पुण्यात ३० अंशांना भरलेला टायर शून्य अंशाला पाचएक पीएसआयने कमी भरतो.

गाडी अडकली तर

एवढे करूनही वाहतूक ठप्प होऊ शकते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फवृष्टीत हजारो गाड्या अडकल्या आणि गाड्यांमध्येच २०हून अधिक माणसे दगावली. त्यांत लहान मुलेही होती. अनेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले.

असे घडते ते उबेसाठी चालू ठेवलेल्या इंजिनमुळे. बर्फाने मागची धुराची नळी बुजते आणि धूर गाडीत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, मग गुंगी चढते. नेमकी हीच लक्षणे उंचीवर होणाऱ्या त्रासाचीही असतात. ‘उंचीमुळे होतंय, जरा झोप’ असे म्हणून घरचीच माणसे रुग्णाला झोपवतात.

करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही. विषबाधा होत असतानाही तो ९७-९८ दाखवू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा माणसांकडे पाहावे. गाडीतल्या एकाहून अधिक जणांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आधी इंजिन बंद करून दारे उघडावीत, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावे आणि मग मदतीसाठी ११२ क्रमांक लावावा. बाहेर आल्यावर बरे वाटले, तरी रुग्णालयात जाऊन ऑक्सिजन घेणे गरजेचे असते. गर्भवती, लहान मुले आणि हृदयरुग्ण यांच्याबाबत तर अजिबात थांबू नये.

अडकलेल्यांनी गाडी सोडून बर्फातून चालत निघू नये. इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवावे. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी खाली उतरून धुराच्या नळीभोवतालचा बर्फ काढावा. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी. ऊब येते म्हणून मद्य घेऊ नये. त्याने कातडीला गरम वाटते, पण शरीरातली उष्णता बाहेर जाते. इन्सुलिन डिकीत ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते, ते आतल्या खिशात अंगाजवळ ठेवावे.

साखळ्यांबरोबर डिकीत घोंगड्या, पाणी, खाऊ आणि टॉर्च असावीत. त्यांत एक छोटे फावडेही हवे. चाकापुढचा बर्फ त्याने निघतोच, धुराची नळीही मोकळी करता येते.