संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान

ग्रामीण भागातील सार्वजनिक स्वच्छता लोकसहभागातून साधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने सुरू केलेली स्पर्धात्मक मोहीम. तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २०००–०१ मध्ये तिचा आरंभ झाला. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनातून अस्वच्छता, व्यसने व अंधश्रद्धा यांवर प्रहार करणारे संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांचे नाव मोहिमेस देण्यात आले. तिच्या अंतर्गत होणाऱ्या स्वच्छ ग्राम स्पर्धेस राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे (१९०९–६८) नाव आहे.

तत्पूर्वी ग्रामीण स्वच्छतेच्या योजनांचा भर शौचालय बांधण्यासाठी कुटुंबास अनुदान देण्यावर होता. अनुदानातून शौचालये उभी राहिली. तथापि त्यांपैकी अनेकांचा उपयोग सरपण वा अडगळ ठेवण्यापुरताच झाला. बांधकाम झाले, तरी सवय बदलली नव्हती. या अनुभवातून अभियानाने उलट क्रम स्वीकारला : गावाने आधी श्रमदानाने व लोकवर्गणीने काम करावयाचे आणि शासनाने त्याचा गौरव नंतर करावयाचा. पारितोषिक व्यक्तीस नव्हे, तर ग्रामपंचायतीस मिळत असल्याने एका घराची उदासीनता ही साऱ्या गावाची अडचण ठरली व स्वच्छता हा ग्रामसभेतील चर्चेचा विषय बनला.

स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा चढत्या पातळ्यांवर तपासणी होते. समिती प्रत्यक्ष गावास भेट देऊन पिण्याच्या पाण्याची शुद्धता, सांडपाण्याचा निचरा, घनकचऱ्याची विल्हेवाट, शौचालयांचा वापर, घर व परिसर यांची स्वच्छता, तसेच लोकसहभाग यांसाठी गुण देते. शाळांसाठी साने गुरुजींच्या आणि अंगणवाड्यांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाने स्वतंत्र स्पर्धा योजण्यात आल्या. सामाजिक एकतेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा विशेष पुरस्कारही आहे. समितीच्या आगमनापूर्वी गल्ल्या झाडणे, शोषखड्डे खणणे, भिंतींवर म्हणी व घोषवाक्ये रंगविणे, दारी सडा-रांगोळी घालणे या कामांना अनेक गावांत सणाचे रूप आले. त्यांत महिला बचत गटांचा व शाळकरी मुलांचा वाटा मोठा होता.

केंद्र शासनाने २००३ मध्ये ‘निर्मल ग्राम पुरस्कार’ जाहीर केला. सर्व घरे, शाळा व अंगणवाड्या यांत शौचालयांचा वापर होणे आणि गाव हागणदारीमुक्त असणे, ही त्याची मुख्य अट होती. २००५ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ४० पंचायत राज संस्थांना पहिले पुरस्कार देण्यात आले. ग्रामपंचायतीस लोकसंख्येनुसार ५० हजार ते ५ लाख रुपये मिळत. पुढील काळात हा पुरस्कार मिळविणाऱ्या ग्रामपंचायतींत महाराष्ट्राची संख्या देशात सर्वाधिक होती.

पुरस्कारपद्धतीच्या मर्यादाही या काळात स्पष्ट झाल्या. काही गावांत तपासणी संपताच उत्साह ओसरला. पाण्याची टंचाई, शौचालयांची नादुरुस्ती व जागेचा अभाव यांमुळे काही कुटुंबे पुन्हा उघड्यावर जाऊ लागली. उघड्यावर बसणाऱ्यांना रोखण्यासाठी पहाटे फिरणाऱ्या ‘गुड मॉर्निंग’ पथकांची पद्धतही वादग्रस्त ठरली. कारण लाजविण्याचा हा मार्ग बहुधा भूमिहीन व गरीब कुटुंबांच्या वाट्यास आला. ज्यांच्याकडे शौचालयासाठी जागाच नाही, त्यांना सोय उपलब्ध करून न देता गाव निर्मल ठरविणे सामाजिक न्यायाशी विसंगत होय. म्हणून पुरस्कारानंतरची फेरतपासणी आणि गौरवाची रक्कम देखभालीसाठी वापरणे यांस महत्त्व आहे.

स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. या नव्या अभियानात वैयक्तिक शौचालयासाठी प्रोत्साहनपर अनुदान असले, तरी गावागावांतील स्पर्धेचे तत्त्व टिकून राहिले. २०२० मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांच्या आधारे स्थानिक स्वराज्य संस्थांचे गुणांकन होते. ग्रामस्वच्छता अभियानाचे खरे फलित मात्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लावलेल्या प्रशस्तिपत्रापेक्षा, परीक्षक परतल्यानंतरही गावाने टिकविलेल्या सवयींवरून ठरते.