महागडं ग्राफिक्स कार्ड राहू द्या, गोल पोर्ट आहे का ते पाहा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर डेस्कटॉप जुळवून घ्यायला गेलं की दुकानदाराचे प्रश्न ठरलेले असतात: बजेट किती, गेमिंगसाठी हवा की ऑफिसकामासाठी? उत्तर मिळालं की प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड असं कोटेशन हातात पडतं. बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. पण त्या मशीनवर क्यूब्स ओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची असेल, तर कोटेशनमधली सर्वांत महाग वस्तू निरुपयोगी ठरू शकते आणि ज्याची कुणी चौकशीही करत नाही अशा एका पोर्टपाशी घोडं अडतं.

क्यूब्सचं मूळ पोलंडमध्ये आहे. योआना रुटकोव्स्का या संशोधिकेने २००६ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक हॅट परिषदेत ‘ब्लू पिल’ सादर केलं. चालू असलेली अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम तिच्या नकळत एका आभासी मशीनमध्ये कोंडता येते, असं ते प्रात्यक्षिक होतं. पुढे २०१० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलेली क्यूब्स आभासी मशीनचं तंत्र बचावासाठी वापरते. या सिस्टीममध्ये संगणक जुन्या वाड्यासारखा असतो: बँकेचं बिऱ्हाड वेगळं, ऑफिसचं वेगळं, अनोळखी फायलींचं वेगळं आणि प्रत्येकाला स्वतंत्र कुलूप. अशा प्रत्येक आभासी मशीनला ‘क्यूब’ म्हणतात आणि खिडकीच्या कडेच्या रंगावरून कोणता क्यूब समोर आहे ते कळतं. एडवर्ड स्नोडेन यांनीही क्यूब्सची जाहीर शिफारस केली आहे.

हा खटाटोप कशासाठी, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला भीमा-कोरेगाव खटल्यावरून समजेल. त्यातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपची डिजिटल प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली. २०२१ मध्ये समोर आलेल्या अहवालात तिने म्हटलं, की ईमेलमधून आलेली एक फाइल उघडताच ‘नेटवायर’ नावाचा हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला आणि त्याच्या आधारे लॅपटॉपवर कागदपत्रं पेरली गेली. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. तो वाद न्यायालयाचा. पण एक फाइल उघडल्यावर सगळा संगणक परक्या हाती जाऊ शकतो, याबद्दल तज्ज्ञांमध्ये दुमत नाही. क्यूब्समध्ये अशी फाइल तात्पुरत्या क्यूबमध्ये उघडता येते. खिडकी बंद केली की तो क्यूबच नष्ट होतो.

या भिंती भक्कम राहायला मात्र हार्डवेअरची साथ लागते. नेटवर्क कार्डासारखे भाग प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू-वाचू शकतात. त्यांना आपापल्या हद्दीत ठेवणारी यंत्रणा म्हणजे आयओएमएमयू. इंटेलकडे तिचं नाव व्हीटी-डी, एएमडीकडे एएमडी-व्हीआय. अलीकडच्या बहुतेक बोर्डांत ती असते, पण बायोसमध्ये अनेकदा बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर व्हीटी-डी आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एसव्हीएम मोड’ व ‘आयओएमएमयू’ हे पर्याय शोधून चालू करावे लागतात. ही यंत्रणा सापडली नाही, तर क्यूब्सचा इन्स्टॉलर सुरुवातीलाच इशारा देतो. तो इशारा ओलांडून पुढे जाऊ नये.

आता ते पोर्ट. बर्लिनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘बॅडयूएसबी’ दाखवलं: साधा पेनड्राइव्ह संगणकाला ‘मी की-बोर्ड आहे’ असं सांगतो आणि स्वतःच आज्ञा टाइप करू लागतो. म्हणून क्यूब्स सगळे यूएसबी कंट्रोलर एका वेगळ्या क्यूबमध्ये टाकते. लॅपटॉपला याचा त्रास सहसा होत नाही, कारण त्याचा की-बोर्ड बहुधा आतून यूएसबीला जोडलेला नसतो. डेस्कटॉपचा की-बोर्ड मात्र यूएसबीवरच असतो. कंट्रोलर वेगळे काढले की सुरुवातीला डिस्कचा पासवर्डच टाइप करता येत नाही. की-बोर्डला त्या क्यूबमधून वाट करून दिली, तर क्यूब फितवणारा प्रत्येक पासवर्ड वाचू शकतो.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे मदरबोर्डच्या मागच्या बाजूचं गोल पीएस/२ पोर्ट. अनेक बोर्डांवर ते अजूनही असतं, अर्धं जांभळं, अर्धं हिरवं. पीएस/२ की-बोर्ड तिथे लावावा आणि यूएसबी माउस वेगळ्या क्यूबकडे सोपवावा. हे पोर्ट नसेल, तर की-बोर्डसाठी दुसरा स्वतंत्र यूएसबी कंट्रोलर हवा. मागे आठ-दहा पोर्ट दिसली तरी ती सगळी एकाच कंट्रोलरवर असू शकतात आणि क्यूब्सला एकेक पोर्ट नव्हे, अख्खा कंट्रोलर वेगळा काढावा लागतो. पीसीआय एक्सप्रेसचं यूएसबी कार्ड बसवलं की ही अडचण सुटते. वायरलेस की-बोर्ड टाळावा. २०१६ मध्ये उघड झालेल्या ‘माउसजॅक’ त्रुटीमुळे अनेक कंपन्यांच्या वायरलेस उपकरणांत दुरून कळा घुसवता येत होत्या.

ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नयेत. क्यूबमधल्या प्रोग्रामना कार्डाचा वेग मिळतच नाही आणि एनव्हिडियाची कार्डं क्यूब्समध्ये बऱ्याचदा डोकेदुखी ठरतात. प्रोसेसरमधलंच इंटेलचं ग्राफिक्स सर्वांत निर्धोक. इथे एका अक्षराने फसायला होतं: आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, स्वस्त पडणाऱ्या आय५-१२४००एफ मध्ये नाही. एएमडीतही रायझेन ५६००जी मध्ये ते आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही.

प्रोसेसर निवडताना थ्रेड मोजू नयेत, कोअर मोजावेत. २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांतल्या त्रुटी बाहेर आल्यानंतर क्यूब्सने हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय, बंद ठेवायला सुरुवात केली. वाचलेला पैसा रॅममध्ये घालावा. किमान ६ जीबी आणि शिफारस १६ जीबीची आहे, पण पाच-सहा क्यूब एकदम उघडणाऱ्याने ३२ जीबीच घ्यावी. सोबत एसएसडी हवीच.

नुकतीच बाजारात आलेली पिढी घेण्याची घाई नको. क्यूब्सच्या मुख्य भागात तिचे ड्रायव्हर यायला वेळ लागतो. एखाददुसरी पिढी जुनं हार्डवेअर इथे जास्त भरवशाचं. जुळवाजुळवच नको असेल, तर क्यूब्सच्या प्रमाणित यादीत जर्मनीच्या नायट्रोकी कंपनीचा ‘नायट्रोपीसी प्रो’ हा डेस्कटॉप आहे. त्यात कोअरबूटवर आधारलेलं, कुणालाही तपासता येईल असं ‘दशारो’ फर्मवेअर असतं.

बाकीच्यांनी पैसे मोजण्यापूर्वी क्यूब्सच्या हार्डवेअर यादीत आपला बोर्ड शोधावा आणि दुकानातच बायोस उघडून व्हीटी-डी किंवा आयओएमएमयूचा पर्याय दाखवायला सांगावं. ही यादी वापरणाऱ्यांनीच पाठवलेल्या अहवालांतून तयार होते. तेव्हा मशीन नीट चालू झालं की ‘क्यूब्स-एचसीएल-रिपोर्ट’ ही आज्ञा चालवून आपल्या बोर्डाचा अहवाल जरूर पाठवा. तोच बोर्ड घ्यायला निघालेल्या पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल.